मोरीत न आलेले ताट

वृद्धांचा घरातल्या घरात होणारा छळ त्या वृद्धांच्या तोंडून फार क्वचित उघडकीस येतो. माझ्या माहितीतल्या एका घरातला छळ भांडी घासणाऱ्या मावशींमुळे बाहेर आला. घर तसे खाऊनपिऊन सुखी. मुलगा, सून, दोन नातवंडे आणि ऐंशी ओलांडलेल्या आजी. आजींचे ताट स्टीलचे, जुने, कडेवर आजोबांचे नाव कोरलेले, त्यामुळे खरकट्या भांड्यांत ते वेगळे ओळखू येई. एका सकाळी या मावशी दुसऱ्या घरी काम करता करता सहज म्हणाल्या, की त्या आजींचे ताट चार-पाच दिवस मोरीत आलेले नाही. गावाला गेल्या म्हणावे तर आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो, आणि त्या खोलीच्या दाराला कडी बाहेरून असते. हे सांगून झाल्यावर त्यांनी लगेच बजावले, "माझं नाव कुठं घेऊ नका बाई, हातचं काम जाईल माझं."

ते दुसरे घर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका सभासद बाईंचे होते, म्हणून ही गोष्ट आमच्यापर्यंत पोहोचली. संक्रांत जवळ आली होती. तिळगुळाचे निमित्त करून संघातल्या दोघी त्या घरी गेल्या आणि "आजींच्या पाया पडून येतो" म्हणत थेट आतल्या खोलीपाशी पोहोचल्या. पाया पडायला आलेल्या बाईला आपल्याकडे सहसा कोणी दारातून परत पाठवत नाही. आत आजी होत्या, उशाशी बिस्किटांचा पुडा आणि अर्धा तांब्या पाणी होते, आणि अंगावरचे पातळ किती दिवसांचे आहे हे विचारण्याची गरज नव्हती. रुग्णालयात हलवल्यावर डॉक्टरांनी आधी सलाइन लावले आणि मग बाकीचे प्रश्न विचारले. मुलाचे म्हणणे एकच होते, "ती जेवतच नाही, आम्ही काय करणार?" हे वाक्य त्यानंतर मी इतक्या घरांत ऐकले आहे, की आता ते कानावर पडले की माझी नजर आपोआप स्वयंपाकघराकडे जाते.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या संघाचे छोटेसे कार्यालय आहे आणि तिथे अर्ज लिहून देणे, प्रांत कचेरीत सोबत जाणे, निराधार योजनेचे कागद गोळा करून देणे अशी कामे आम्ही काही जण करतो. या कामातून माझे एक मत हळूहळू पक्के होत गेले. घरातला छळ बाहेर काढते ती कोणाची तरी नजर, आणि ती नजर बहुधा अशा माणसाची असते ज्याला त्या घरात बसायला खुर्चीसुद्धा मिळत नाही. मोलकरीण, दूधवाला, जखमेची पट्टी बदलायला येणारी परिचारिका, पासबुक भरून देणारा कारकून, ही ती माणसे. नातेवाइकांना बहुधा आधीच माहीत असते. पण नातेवाइकाने तोंड उघडले की पुढचा प्रश्न "मग तुम्ही घेऊन जा त्यांना" असा येतो, आणि तो येणार हे त्यालाही ठाऊक असते.

वृद्ध स्वतः का बोलत नाहीत, असे तरुण मंडळी नेहमी विचारतात, आणि विचारताना त्यांच्या स्वरात थोडा वैताग असतो. आपलेच दात नि आपलेच ओठ, हे उत्तर त्यांना जुनाट वाटते, पण त्यात व्यवहार पुरेपूर आहे. जो हात गालावर पडतो तोच हात सकाळी इन्सुलिनची सुई टोचतो, तोच हात रात्री संडासापर्यंत धरून नेतो. पोलीस येऊन समज देऊन जातील, पण ते गेल्यावरची रात्र त्याच छपराखाली काढायची असते. शिवाय पोर असे निघाले म्हणजे लोक आधी आईला बोल लावणार, ही भीती मी ज्या ज्या बायकांशी बोललो त्यांतल्या बहुतेकींच्या मनात होती. पुरुषांचे मौन आणखी घट्ट असते. ज्या गुरुजींनी गावातल्या दोन पिढ्यांना छडीने सरळ केले, त्यांनी आता पोटचा मुलगा अंगावर धावून येतो हे कोणाला आणि कोणत्या तोंडाने सांगावे? कधी कधी तर छळ करणारा मुलगा नसतोच, नवराच असतो. पन्नास वर्षे चालत आलेला मार बाईची साठी उलटली म्हणून थांबत नाही. फक्त सरकारी कागदावर तो 'कौटुंबिक हिंसे'ऐवजी 'वृद्धांचा छळ' म्हणून मोजला जातो. अशी बाई आमच्याकडे येते ती गुडघ्याच्या शिबिरासाठी, आणि मारहाणीचा उल्लेख पाऊस-पाण्याच्या गप्पांसारखा करून जाते.

या मौनाचा परिणाम आकड्यांवरही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या दर ६ जणांमागे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या छळाला तोंड द्यावे लागते, आणि अशा २४ प्रकरणांमागे जेमतेम एक नोंदवले जाते. आपल्याकडे देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये 'लासी' या नावाची देशव्यापी पाहणी केली. तिच्यात साठीपुढच्या सुमारे ५ टक्के लोकांनी, गेल्या वर्षभरात आपल्याला वाईट वागणूक मिळाली, असे सांगितले. या दोन आकड्यांची व्याख्या आणि पद्धत वेगळी आहे, त्यामुळे ते शेजारी शेजारी ठेवून आपले घर तिप्पट चांगले असा निष्कर्ष कोणी काढू नये. घरोघरी जाऊन केलेल्या कोणत्याही पाहणीत उत्तर देणारी म्हातारी ज्या खाटेवर बसलेली असते, ती खाट त्याच घरात असते आणि पडद्याआड कोण उभे आहे हे तिला नीट दिसत असते. माझ्या मते ५ टक्के हा आकडा जितका छळाचा आहे, तितकाच अनोळखी माणसापुढे बोलण्याच्या धाडसाचा आहे.

या विषयाला वैद्यकात पहिली वाचा फुटली तीही बाहेरच्याच नजरेने. १९७५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका डॉक्टरने पत्र लिहून आजींना होणाऱ्या मारहाणीकडे लक्ष वेधले. लहान मुलांच्या मारहाणीविषयी तोवर वैद्यक बोलू लागले होते, पण म्हातारी माणसे पडतातच, त्यांना लागतेच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. आजही "बाथरूममध्ये पाय घसरला" हे वाक्य रुग्णालयात कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. दुसऱ्यांदा विचारावे कसे, याचे उत्तर काही प्रमाणात कॅलिफोर्नियात लॉरा मॉस्केडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका साध्या, चिकाटीच्या अभ्यासात आहे. पासष्टीपुढच्या १०१ माणसांच्या अंगावर अपघाताने उमटलेले काळेनिळे डाग त्यांनी रोजच्या रोज तपासले. त्यांतले जवळजवळ ९० टक्के हातापायांवर होते आणि मान, कान, नितंब किंवा तळपाय यांवर एकही नव्हता. डागाच्या रंगावरून तो किती जुना आहे हे सांगता येत नाही, असेही त्यातून दिसले. म्हणजे आजोबांच्या मनगटावर जांभळा डाग दिसला म्हणून सुनेकडे संशयाने पाहू नये. म्हातारी कातडी पातळ असते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पदराचा काठ घासला तरी वळ उठतो. पण कानामागे किंवा मानेवर डाग असेल, तर पाय घसरल्याची गोष्ट पुन्हा एकदा शांतपणे ऐकून घ्यावी, आणि ती सोबत आलेल्या माणसाकडून न ऐकता रुग्णाकडून ऐकावी.

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्राकडे येतो. मारहाणीपेक्षा पैशाचा छळ मी जास्त जवळून पाहिला आहे, कारण तो खात्याच्या उताऱ्यावर उमटतो. नोव्हेंबर हा बँकेत, निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून द्यायच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. बाकडी अपुरी पडतात, पंखे गरगरतात, कोणाचा चष्मा घरी राहिलेला असतो, कोणाची सही तीस वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळत नाही, आणि प्रत्येक वृद्धाबरोबर एक तरुण माणूस फॉर्म भरत उभा असतो. त्यांतले बहुतेक मुलगे-मुली मायेने आलेले असतात, हे आधी स्पष्ट सांगतो. पण काउंटरच्या आतून पाहणाऱ्याला काही वर्षांनी एक गोष्ट कळू लागते. "आजी, पेन्शन हातात मिळते ना?" असा प्रश्न विचारला की काही आजी हसतात, काही तक्रार करतात, आणि काही जणी आधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतात आणि मग "मिळते की" म्हणतात. ते शेजारी पाहणे अर्ध्या क्षणाचे असते. पासबुक मात्र अर्ध्या क्षणाचे नसते. निवृत्तिवेतन जमा होते त्याच रात्री पूर्ण रक्कम, शंभराच्या पटीत, एटीएममधून निघते. पुढच्या महिन्यातही तसेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तसेच. ज्या बाईंना बँकेच्या दोन पायऱ्या धरून चढवाव्या लागतात, त्यांचे कार्ड रात्री साडेनऊला गावाच्या दुसऱ्या टोकाला चालते. इकडे मोतिबिंदूची शस्त्रक्रिया "पैशांची सोय झाली की करू" म्हणून तिसऱ्या वर्षी पुढे ढकललेली असते.

बँकेच्या नोकराने याचे काय करावे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात मला सापडले नाही. कार्ड खातेदाराचे, पिन क्रमांक खातेदाराने स्वतःच सांगितलेला. तक्रार नसताना चौकशी करणे म्हणजे चोंबडेपणा. आमच्या शाखेत एक वरिष्ठ अधिकारी होते, त्यांनी यावर स्वतःची युक्ती काढली होती. ज्या वृद्धाविषयी शंका वाटे, त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला ते अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत, "आधारची झेरॉक्स लागेल, समोरच्या दुकानातून घेऊन या." झेरॉक्स बहुतेक वेळा फाइलला आधीच लावलेली असे. पण समोरच्या दुकानात नेहमी रांग असायची, आणि तेवढ्या दहा मिनिटांत ते त्या आजोबांना टेबलाशी बसवून चहा मागवत आणि गावाकडची शेती, गुडघे, नातवंडे असे करत करत मुद्द्यावर येत. किती जणांनी त्या दहा मिनिटांत आपले कार्ड बंद करून घेतले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही; माझ्या डोळ्यांसमोर घडलेले प्रसंग मात्र मला आठवतात. सामाजिक कार्यावरची पुष्कळ व्याख्याने मी ऐकली आहेत, त्यांपेक्षा मला ही झेरॉक्स अधिक उपयोगाची वाटते.

ज्यांना निवृत्तिवेतन नाही त्यांची गत वेगळी. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये खात्यात येतात, आणि ते काढायला ग्राहक सेवा केंद्रात यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. आयुष्यभर खुरपे आणि विळा धरलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा उठत नाही. मग दोनदा, तीनदा, बोट ओले करून, पदराला पुसून पुन्हा. शेवटी यंत्र वाजते, नोटा बाहेर येतात आणि त्या कोणाच्या हातात पडतात हे केंद्र चालवणाऱ्या मुलाला रोज दिसते. त्याला विचारले तर तो गावातल्या निम्म्या घरांची आतली गोष्ट सांगू शकेल. त्याला अजून कोणी विचारलेले नाही.

पैशापेक्षा मोठा घास घराचा आणि जमिनीचा. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीसपत्राने द्यायची झाली, तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे आणि हजारो घरांत तिचा चांगलाच उपयोग झाला असेल. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर रिक्षातून उतरवलेली, कशावर अंगठा द्यायचा आहे हे धड ठाऊक नसलेली म्हातारी माणसेही मी पाहिली आहेत. मृत्युपत्र केले तर माणूस जिवंत असेतोवर घर त्याचे असते. बक्षीसपत्र केले की दुसऱ्या दिवसापासून तो आपल्याच घरात पाहुणा होतो, आणि त्याच्या ताटातली भाजी कमी व्हायला फार महिने लागत नाहीत. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यातले कलम २३ यावर उपाय म्हणून आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करता येते. अडचण त्या अटीची. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका प्रकरणात, अशी अट घातलेली असल्याचे सिद्ध झाले पाहिजे, असे धरले. २ जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने, हा कायदा वृद्धांच्या हितासाठी आहे, म्हणून त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे सांगून एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले. आम्ही आमच्याकडे येणाऱ्यांना एवढेच सांगतो की बक्षीसपत्र करूच नये, आणि करायचेच असेल तर सांभाळाची अट त्याच कागदावर, ठळक, लिहून घ्यावी. त्यावर बहुतेकांचे उत्तर असते, "पोटच्या पोराकडून असं लिहून घ्यायचं?" इथे आमचे बोलणे खुंटते.

या कायद्याखालचे निर्वाह न्यायाधिकरण आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांपुढे चालते. अर्ज साध्या कागदावर करता येतो, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो, आणि महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये निर्वाह मंजूर होऊ शकतो. एका सुनावणीला मी एका बाईंसोबत गेलो होतो. त्यांना मारहाण होत होती, पण अर्जात त्यांनी ती लिहू दिली नव्हती. "पैसे देत नाही एवढंच लिहा" असे त्यांनी मला बजावले होते. मुलगा समोर उभा होता, मान खाली घालून. प्रांतांनी त्याचे उत्पन्न विचारले, कागद पाहिले आणि महिना चार हजार द्यावेत असे सुचवले. मुलगा काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "साहेब, चार कुठनं देईल तो, त्याच्या पोरांच्या फिया आहेत. दोन पुरं मला." प्रांतांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिले. मग तीन हजारांवर तडजोड झाली, आणि ती वाढवून घेण्यासाठी सरकार बोलत होते आणि कमी करून घेण्यासाठी अर्जदार. या प्रसंगाला आईचे काळीज वगैरे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला त्यात भीतीही दिसली आणि हिशेबही दिसला: चार हजार ठरले तर तो दोन महिने देईल आणि मग राग काढील, तीन ठरले तर कदाचित देत राहील. त्यांना आपला मुलगा कायद्यापेक्षा जास्त चांगला माहीत होता.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण हेच मागतात. "त्याला जरा समज द्या, पण केस करू नका." छळ थांबावा, पण छळणाऱ्याला काही होऊ नये, अटक तर मुळीच नको, कारण अटक झाली तर घरात कमावणारे कोणी उरत नाही आणि उद्या तोंडात पाणी घालायलाही कोणी येणार नाही. वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अशी या कायद्यात तरतूद आहे. ती वापरून घेऊ इच्छिणारा वृद्ध माझ्या पाहण्यात आलेला नाही.

कायद्याची दुसरी एक बाजूही सांगायला हवी, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात येतात; सून आणि जावई येत नाहीत. त्यांना आणण्याचे, आणि निर्वाहाची १०,००० ची मर्यादा काढून टाकण्याचे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, ते संमत झाले नाही. त्याच वेळी नवऱ्याशी बिनसलेल्या सुनेला घराबाहेर काढण्यासाठी सासू-सासऱ्यांना पुढे करून हाच कायदा वापरल्याचीही उदाहरणे आहेत. बंगळूरच्या अशा एका प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क या मार्गाने हिरावून घेता येणार नाही, असे सांगावे लागले. तेव्हा पांढरे केस दिसले की तोच पीडित, असे समजून चालत नाही. आमच्याकडेही मुलाच्या सांगण्यावरून सुनेविरुद्ध अर्ज लिहायला आलेले आजोबा येऊन गेले आहेत.

थकव्याविषयीही थोडे. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूला रात्रीतून चार वेळा उठवणारी, तिचे कपडे बदलणारी, दिवसा नोकरी करणारी आणि "तू काय केलंस तिच्यासाठी" असे नणंदेकडून फोनवर ऐकणारी सून एखाद्या दिवशी हात उगारते. ते चूकच, पण तिला दोन दिवस मोकळीक देणारे कोणी असते तर ती वेळ आली नसती, असे मी पाहिलेल्या काही घरांविषयी खात्रीने म्हणू शकतो. अशा घरात पोलिसांपेक्षा तासावर येणारी एखादी आया जास्त कामाची. मात्र थकव्याने पेन्शन काढून घेतली जात नाही आणि थकव्याने बक्षीसपत्र होत नाही. ते शांत डोक्याने, कागदपत्रे जमवून केलेले काम असते, आणि त्याला थकव्याचे पांघरूण घालू देऊ नये.

वर्तमानपत्रांत जे येते ते घराबाहेर पडलेल्या देहाचे असते. जून २०२५ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत कर्करोग झालेली एक वृद्ध स्त्री कचऱ्यात पडलेली सापडली आणि नातवानेच आणून टाकल्याचा आरोप पुढे आला, तेव्हा आठवडाभर सगळे हळहळले. लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून तो पालकांच्या खात्यात भरण्याचा ठराव केला आणि २०२१ च्या सुमारास सात जणांवर तशी कारवाईही केली, याचेही कौतुक झाले. ते योग्यच होते. फक्त कापायला पगार हवा, आणि पगार देणारे कार्यालय हवे. पोलीस ठाण्यात ज्येष्ठांच्या याद्या असतात, त्यातही भर एकट्या राहणाऱ्यांवर असतो, कारण चोर-दरोडेखोरांची काळजी असते. आमच्या आजी एकट्या राहत नव्हत्या. भरल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी करावी असे कोणालाच वाटत नाही, आणि बाहेरून कडी लागलेली खोली नेमकी भरल्या घरातच असते.

कोणी तरी पाहिले, तर पुढे काय करता येते, हेही फार थोड्यांना माहीत असते. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा देशव्यापी मदत क्रमांक आहे आणि तो वृद्धानेच फिरवावा असे नाही, शेजाऱ्यानेही फिरवला तरी चालतो. वृद्ध स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. हे शेवटचे वाक्य कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. माझ्या मते त्या साऱ्या कायद्यातले हे सर्वांत मोलाचे वाक्य आहे, कारण जो बोलणार नाही त्याच्यासाठी तेवढेच आहे. पण स्वतःहून दखल घ्यायची तर कोणी तरी येऊन कानावर घालावे लागते, आणि पुन्हा गाडी त्या मावशींपाशी येऊन थांबते, ज्यांना हातचे काम जाण्याची भीती आहे.

हयातीच्या दाखल्याचेही रूप आता बदलले आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात डिजिटल जीवन प्रमाणपत्र आले आणि २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरून ते घरबसल्या काढता येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खुर्चीत बसवून बँकेच्या पायऱ्या चढवण्याचे हाल मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत, त्यामुळे या सोयीला नावे ठेवणे माझ्याकडून होणार नाही. पण वर्षातून एकदा तो माणूस घराबाहेरच्या कोणाच्या तरी समोर येऊन बसत असे, तेही आता अनेकांच्या बाबतीत संपले. मोबाइलला डोळे मिचकावलेले पुरतात. झेरॉक्स आणायला तो कोणाला पाठवत नाही. आम्ही संघातर्फे एका बँकेकडे, घरूनच दाखला देणाऱ्या वयस्कर खातेदारांची नावे मिळतील का, अशी विचारणा केली, म्हणजे आमची माणसे त्यांना सहज भेटून येतील. ग्राहकांची माहिती देता येत नाही, असे व्यवस्थापकांनी सांगितले. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर मीही तेच सांगितले असते.

म्हणून आता आम्ही बाजारपेठेतल्या दोन मेडिकलवाल्यांशी बोलून ठेवले आहे. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला नेणारे म्हातारे गिऱ्हाईक अचानक फिरकेनासे झाले, की ते आम्हाला नाव सांगत नाहीत, नुसती गल्ली सांगतात, आणि गल्लीत आमचा एखादा सभासद असतोच. गेल्या पावसाळ्यात असेच आम्ही दोघे एका घरी गेलो. आजोबा ठणठणीत होते. पुण्याच्या मुलीने औषधे ऑनलाइन मागवायला सुरुवात केली होती, त्यामुळे दुकानात जाणे थांबले होते. त्यांनी चहा पाजला आणि निघताना थोड्या नाराजीने म्हणाले, "येताना फोन करून येत जा." फोन करून जाणे या कामात उपयोगाचे नसते, ते का, हे मला त्यांना सांगावे लागले. त्यांनी ते ऐकून घेतले, उठून दार लोटले आणि पलीकडच्या बिऱ्हाडातल्या, त्यांच्याच वयाच्या एका बाईंविषयी हलक्या आवाजात बोलायला सुरुवात केली.